लेकीच्या घरचं पाणी

आज सकाळपासून माझे पाय एका जागी ठरत नाहीत. ओट्यावर येते, गल्लीच्या तोंडापर्यंत बघते, आत जाते, माठावरचं फडकं उचलून पाणी किती आहे ते पाहते, पुन्हा ओट्यावर येते. ऊन असं की समोरच्या पत्र्याकडे बघवत नाही. इंदूअक्कांच्या दारातल्या लिंबाला पोरींनी झोका बांधलाय. दोर नवा आहे, त्याचा वास इथपर्यंत येतो. उद्या आखाजी. बाकीचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात, सोनं घेतात आणि मोकळे होतात. आमच्या खान्देशात ती दिवाळीपेक्षा मोठी. दिवाळीला पाहुणे येतात, आखाजीला लेकी येतात.

माझी लेक येते म्हणाली आहे. कधी निघाली, कुठे पोचली, मुंबईहून गाडीनं की बसनं, काही सांगितलेलं नाही. “येते. आणायला कोणी येऊ नका,” एवढंच. आता अशा निरोपावर माणसानं पुरण शिजत घालायचं की नाही? मी घातलंय. डाळ शिजलीसुद्धा. आणि मी आपली भिंगरी लागल्यासारखी आत-बाहेर करतेय.

इंदूअक्का म्हणजे समोरच्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, आणि गल्लीतल्या बातम्या आधी त्यांच्या ओट्यावर येतात, मग ज्याची बातमी त्याच्या घरी जातात. त्या तिकडून ओरडल्या, “काय वं, उनी का तुनी अंडेर?”

“लेक ना? येतेय येतेय,” म्हटलं. माझा आवाज पार नदीपर्यंत गेला असेल. एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टरकी करण्यात आयुष्य गेलेलं, हळू बोलणं मला येतच नाही.

या वैशाखात उभं राहून मला सारखा तो दुसरा वैशाख आठवतो, जो मी इथे काढलाच नाही. तो मी जपानात काढला. साकाई नावाच्या गावात. ओसाकाला लागूनच आहे, मधे फक्त एक नदी, धुळ्याला देवपूर लागून आहे तसं. आमच्यामध्ये पांझरा आहे.

लोक जपानला फिरायला जातात. मी मुऱ्हाळी म्हणून गेले होते.

आखाजीला लेक आपणहून यायची नाही, तिला आणायला माहेरचं माणूस जायचं, ही आमची रीत. भाऊ, काका, नाहीतर बाप. तो मुऱ्हाळी. तो सासरच्यांना विचारणार, पोरीला पाठवता का. सासरचे थोडे आढेवेढे घेणार, शेतात काम फार आहे म्हणणार, आणि मग पाठवणार. आता कोण जातं म्हणा, फोन करतात आणि पोरी स्कूटीवर येतात. पण माझ्या रोहिणीला भाऊ नाही. बाप ती लहान असतानाच गेला. तो त्याच लाल गाडीवर ड्रायव्हर होता. त्याच्यामागे मला नोकरी मिळाली आणि धुळे–नरडाणा–शिरपूर करत मी तिला वाढवली. पुढे ती पुण्याला शिकली, तिथे जपानी भाषा शिकली, नोकरीसाठी ओसाकाला गेली आणि तिथल्याच केंताशी लग्न केलं. पोरगा चांगला आहे. कमी बोलतो, हे त्याचं एकच वाईट.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आली. झोक्यावर बसली, सांजोऱ्या खाल्ल्या, गल्लीभर मिरवली. त्यानंतर आली नाही. दरवर्षी काहीतरी. ऑफिस, तिकीट, केंताची बदली. आणि दरवर्षी ओट्यावर मला विचारायचे, का नाही आली? मी म्हणायचे, सासू पाठवत नाही. कुणी सांगितलं होतं मला असं? कुणीच नाही. पण लेक येत नाही म्हणजे सासू पाठवत नाही, यापलीकडे माझ्या डोक्यात कारणच शिरत नव्हतं. शेवटी निवृत्त झाले आणि एका चैत्रात जाहीर केलं की मीच जाते आणायला.

“माय कधी मुऱ्हाळी जास का वं?” इंदूअक्का तोंडाला पदर लावून हसल्या.

“मी जाईन,” म्हटलं. “पण रीत मोडणार नाही. लेकीच्या घरचं अन्न नाही, पाणी नाही.”

हीसुद्धा आमच्याकडची जुनी रीत. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी काही घ्यायचं नाही. नातू-नात झाली की मग हक्कानं पाटावर बसायचं. तोवर गेलात तरी उभ्या उभ्या भेटून यायचं. आता ही रीत दोन कोसांवरच्या गावासाठी केलेली. साकाई किती कोस आहे ते रीत करणाऱ्याला काय ठाऊक! पण मी हट्टी. मोठी बॅग भरली ती पिठांची. कळण्याचं पीठ, मेथीचे लाडू, दशम्या, शेव, लसणाची चटणी, बिबडे. कपडे छोट्या बॅगेत.

साकाईतली पहिली सकाळ मला अजून कानात ऐकू येते. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही, ते ऐकू येतं. मी खिडकी उघडली. रस्ता होता, माणसं होती, सायकली होत्या, पुढे एक पोर आणि मागे एक पोर बसवून आया भरधाव जात होत्या, आणि आवाज नव्हता. भाजीवाला नाही, हॉर्न नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. फक्त कावळे. कावळे मात्र आपल्यापेक्षा दांडगे आणि तोंडाळ. मला बाई त्या कावळ्यांचा आधार वाटला.

समोरच्या घरातला म्हातारा झाडू घेऊन स्वतःच्या दारापुढचा रस्ता झाडत होता. काय झाडत होता देव जाणे, एक पान पडलेलं नव्हतं. झाडून झाल्यावर शेजाऱ्याच्या दारापुढचा हातभर जास्त झाडला आणि थांबला. ते मला आवडलं. आमच्या गल्लीतही सडा टाकताना शेजारणीच्या दारात चार शिंतोडे जास्त टाकतात. जो कमी टाकेल त्याचं नाव निघतं.

रोहिणीचं घर दोन मजली. खाली तिची सासू, वर ही दोघं. विहीणबाईंचं नाव किमिको. सत्तरीच्या, काटकुळ्या, केस पांढरे आणि नीट कापलेले. मी आले तेव्हा दारात गुडघ्यांवर बसून त्यांनी डोकं जमिनीला टेकवलं. मी घाबरून त्यांना उचलायला गेले. रोहिणी म्हणाली, “आई, असू दे, त्यांची पद्धत आहे.” मग त्यांनी माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला, हिरवा, वाफाळता. मी हात जोडले आणि म्हटलं, नको. रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिला रीत माहीत होती. ती पेला उचलून आत घेऊन गेली.

पाण्याची सोय मी लगेच शोधून काढली. जपानात कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी कपाटं उभी असतात, नाणं टाकलं की बाटली पडते. रोहिणीच्या गल्लीच्या टोकाला एक होतं. ते काही लेकीचं घर नव्हे! मग मी दिवसातून कितीदा तरी चप्पल अडकवून निघायची, नाणं टाकायची, धबकन बाटली पडायची, तिथेच उभी राहून घटाघटा प्यायची. एकदा चुकून भलतंच बटण दाबलं तर गरम डबा पडला, आत मक्याचं गोड सूप. रस्त्यातल्या कपाटात गरमागरम सूप! मी ते उभ्या उभ्या संपवलं आणि आजूबाजूला बघितलं, कुणाला सांगू म्हणून. सांगायला कुणी नव्हतं.

आणि इकडे तिच्या स्वयंपाकघरात नळ. तोटी उघडली की पाणी, कधीही, गार आणि गोड. आमच्या देवपुरात नळ यायचा दिवस म्हणजे सणच. किती दिवसांनी येईल सांगता येत नाही, येईल त्या वेळी उठायचं, पिंप, कळशा, घागरी, भगोणी भरून घ्यायची. रोहिणीच्या त्या नळापाशी मी उभी राहायची, भांडी धुवायची, हात धुवायची आणि घोटभर पाणी तोंडात घालायची नाही. स्वतःशीच हसू यायचं. पण मोडायची नाही.

दुपारी रोहिणी ऑफिसला, केंता ऑफिसला. मला घरात बसवेना. ट्रॅमचा पास रोहिणीनं दिलेला, तो घेऊन निघायची. साकाईत एकाच डब्याची ट्रॅम आहे, घरांच्या परसदारांतून जाते, लोकांचे वाळत घातलेले टॉवेल हाताला लागतील इतकी जवळून. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरताना ड्रायव्हरला पास दाखवायचा. आणि कंडक्टर नाही! मी पहिल्यांदा चढले तेव्हा आधी डोळ्यांनी त्याला शोधलं, मग डोक्यावर घंटीचा दोर शोधला. काही नाही. एकटा ड्रायव्हर, पांढरे हातमोजे घातलेला. निघताना समोर बोट करायचा आणि तोंडानं काहीतरी म्हणायचा, सिग्नलपाशी पुन्हा बोट, पुन्हा तेच. रोहिणीला विचारलं तर म्हणाली, तो स्वतःलाच सांगतो, समोर मोकळं आहे, निघतोय. म्हणजे माझं काम तो स्वतःच करत होता. डबल बेल द्यायला कुणी नाही, म्हणून स्वतःलाच बेल देतोय बिचारा. मी त्याच्या मागच्या सीटवर बसायची आणि मनातल्या मनात दोन टोले मारायची. तेवढंच बरं वाटायचं.

डब्यात कुणी बोलत नाही. फोन वाजत नाही. एकदा मी रोहिणीला फोन लावून “पोचले गं स्टेशनला!” म्हटलं तर अख्ख्या डब्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे ठरवून नाही बघितलं. ते बघण्यापेक्षा जास्त लागतं.

छपराखालचा लांबच लांब बाजार मला आवडायचा. लोणची, सुके मासे, चपला, छत्र्या. साकाई सुऱ्यांसाठी नावाजलेलं. एका दुकानात म्हातारा पाण्याच्या दगडावर सुरी घासत बसलेला असायचा. त्या घासण्याच्या आवाजात मी उभी राहायची. माझ्या सबंध दिवसात तेवढाच एक आवाज सलग असायचा. मग संध्याकाळी पाचला खांबावरच्या भोंग्यांतून एक गाण्याची चाल वाजायची, हळू, थोडी उदास. खेळणाऱ्या मुलांनी घरी जावं म्हणून. मैदानातली पोरं खरोखर दप्तरं उचलून निघायची. मला त्या चालीनं कसंतरी व्हायचं. घरी जा, घरी जा, असं तो भोंगा अख्ख्या गावाला सांगतोय, आणि माझी लेक त्याच गावात.

त्याच दिवसांत घराघरांवर कापडी मासे उडायला लागले. बांबूला बांधलेले, वारा भरला की पोट फुगणारे, काळा, लाल, निळा. कालव्यावर तर दोर ताणून रांगच लावलेली. मी इतकी खूश झाले! रात्रीच्या जेवणाला, म्हणजे ती तिघं जेवत होती आणि मी माझी दशमी खात होते, मी विचारलं, “आपल्या घरावर नाही लावत ते मासे?”

केंतानं मान खाली घातली. रोहिणी म्हणाली, “ज्या घरात मुलं असतात ते लावतात, आई.” आणि उठून भांडी घासायला लागली. माझं अजून जेवण चाललं होतं.

आता वाटतं, तिथेच कळायला हवं होतं. पण मी त्या दिवसांत एकाच गोष्टीच्या मागे होते. आखाजी जवळ येत होती आणि मी अजून विहीणबाईंपाशी विषय काढला नव्हता. रोहिणी रोज मला नवीन काहीतरी दाखवायची. राजाची थडगी, झाडांनी भरलेली, भोवती पाण्याचा खंदक. ओसाकाचा किल्ला. सरकत्या जिन्यावर सगळे उजवीकडे उभे राहतात ते. मी म्हणायची, रोहिणी, आखाजीचं काय? ती म्हणायची, आई, हे बघ, इथल्या कासवांना खायला घालतात. कासवं बघायला आले होते का मी!

विहीणबाई रोज वर यायच्या. हातात ताट. पहिल्या दिवशी मासा आणि भात. मी हात जोडून नको. त्यांना वाटलं मासा चालत नाही. दुसऱ्या दिवशी भोपळा. नको. मग सोयाबीनचं मऊ पनीर. नको. मग नुसता भात, त्यावर तीळ. प्रत्येक वेळी त्या मान लववायच्या, ताट घेऊन खाली जायच्या, आणि पायऱ्यांवर त्यांची चाल आधीपेक्षा सावकाश वाटायची. रोहिणीला म्हटलं, “सांग ना त्यांना आपली रीत काय ते.” ती म्हणाली, “काय सांगू? पुढचं पण सांगू का?” मला तिचा रोख समजला नाही. समजून घ्यायला मी थांबलेही नाही.

आणि मग ती दुपार. मी बाल्कनीत बसले होते. खालून धुराचा वास आला. एका क्षणात मी साकाईत नव्हते. वांगं भाजत होतं. वांगं, उघड्या आचेवर, साल जळून आत पाणी सुटलेलं. अहो, आम्ही खान्देशी माणसं. हिवाळ्यात शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडग्यानं ठेचायची, भरीत आणि कळण्याची भाकरी, अख्खी गल्ली एका पंगतीला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांनाही. विहीणबाई वर आल्या. ताटात अख्खं सोललेलं वांगं, देठासकट, वर किसलेलं आलं, बाजूला छोटी वाटी. त्या माझ्यापुढे बसल्या आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. पोरगं शाळेचं प्रगतिपुस्तक पुढे ठेवून बघतं तशा.

मी हात जोडले. नको.

 त्यांनी ताट उचललं तेव्हा वाटी कलंडली.

मला वाटलं, आता पुरे. विषय काढूनच टाकावा. जावयानं माझ्या फोनमध्ये बोलकं भाषांतर घालून दिलं होतं. संध्याकाळी मी खाली गेले, त्यांच्यापुढे बसले, पदर डोक्यावर घेतला आणि फोनला सांगितलं, “विहीणबाई, आखाजीचा सण आला. माझी लेक माहेरी पाठवा. मी मुऱ्हाळी म्हणून आले आहे.” फोन जपानीत बोलला. मुऱ्हाळीचं त्यानं काय केलं कोण जाणे. विहीणबाईंनी ऐकलं, पुन्हा वाजवायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ बोलल्या. फोन आपल्या सपाट आवाजात मराठीत म्हणाला:

“मी तिला थांबवलेले नाही. प्रत्येक वर्षी मीच तिला विचारते, तू आईच्या घरी जाणार नाहीस का. ती म्हणते, पुढच्या वर्षी.”

मी तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं ओट्यावर मी या बाईचं नाव खराब केलं आणि ही बाई माझ्याच बाजूनं भांडत होती. पाठीमागे बघितलं तर रोहिणी जिन्यात उभी. ऑफिसची पिशवी खांद्यावर तशीच.

आम्ही दोघी बाहेर पडलो. त्या थडग्याच्या खंदकाकाठी रस्ता आहे, तिथे चालत राहिलो. मी चिडले होते. “म्हणजे तुलाच यायचं नाही? आणि मी इकडे परमुलुखात पिठाची पोती घेऊन आले!”

“नाही यायचं,” ती म्हणाली. “त्या पहिल्या आखाजीला झोक्यावर बसले होते, तर इंदूअक्का येऊन माझ्या पोटाकडे बघून गेल्या. मग एकेक जण. काही आहे का, काही आहे का. तेव्हा लग्नाला वर्षही नव्हतं. आता तर… आई, आम्हाला मूल होणार नाही. डॉक्टरांचं सांगून झालंय. फार दिवस झाले.”

मी थांबले. ती थांबली नाही, मग मला पाय उचलावे लागले.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? तू आलीस आणि पहिल्याच दिवशी चहा नको म्हणालीस. का ते मला माहीत नाही का? ओट्यावरच्या बायका निदान तोंडानं विचारतात, आई. तू न बोलता विचारतेस. रोज, तिन्ही वेळा. आणि पाणी प्यायला रस्त्यावर जातेस. खिडकीतून दिसतं मला, तू तिथे उभी राहून पितेस ते.”

मी म्हटलं, “रीत आहे गं ती. तुझ्यासाठी नाही काढली मी.”  तिनं नुसती मान हलवली. खंदकाच्या पाण्यात एक पांढरा बगळा उभा होता, त्याच्याकडे आम्ही दोघी बघत होतो.  मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. डॉक्टरवर, रीतीवर, इंदूअक्कावर, त्या फडफडणाऱ्या माशांवर. पोरगी माझी इतका भार एकटी वाहत होती आणि मी तिच्या डोळ्यांदेखत मशीनमध्ये नाणी टाकत होते. माझ्या लेकीच्या घरचं पाणी मी कशाच्या बदल्यात पिणार होते? बाळाच्या? आणि बाळ नाही आलं तर काय, जन्मभर तहानलेली राहणार होते?

झोप लागली नाही. पहाटे उजाडतं तिकडे लवकर. रोहिणी उठून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी डबा भरत होती. मी जाऊन तिच्या शेजारी खुर्चीवर बसले, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं, कारण हळू येत नाही मला:

“रोहिणी, पाणी दे गं.”

ती वळली. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मी बाहेर निघाले की काय म्हणून. मी खुर्चीतून हलले नाही. तिनं पेला घेतला, तोटी सोडली, पेला भरून वाहायला लागला तरी तिनं तोटी बंद केली नाही. मीच हात लांब करून बंद केली. पाणी प्याले. सगळं. मग म्हटलं, “ते कालचं वांगं आहे का तुझ्या सासूकडे? की टाकलं?”

टाकलं नव्हतं. विहीणबाईंनी झाकून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. गारच खाल्लं मी, खाली त्यांच्या बैठ्या मेजाशी बसून, रोहिणी शेजारी. त्यांनी मिरची नव्हती घातली, लसूण नव्हता, शेंगदाणे नव्हते, भरीत म्हणावं असं काहीच नव्हतं त्यात, फक्त भाजलेल्या सालीचा वास. मी आणखी मागितलं. विहीणबाई लगबगीनं उठल्या आणि गॅसवर दुसरं ठेवलं. ते भाजेपर्यंत आम्ही तिघी गप्प बसलो होतो. साकाईतली शांतता मला तेवढ्यापुरती बरी वाटली.

त्या वैशाखाच्या शेवटी मी एकटीच परत आले. मुऱ्हाळी मोकळ्या हातानं आली म्हणून गल्ली हसली. मी सांगितलं, सासू फार चांगली आहे. यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही.

तेव्हापासून चैत्र सरला की मला हे असं होतं. डोकं इथे, पाय तिथे. यंदा तिनं “येते” म्हटलं आणि माझी घालमेल आणखी वाढली. येईल आणि पुन्हा तेच होईल. पुन्हा ओटा, पुन्हा झोका, पुन्हा पोटाकडे बघणं. यावं असं वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. आईनं असं वाटून घ्यावं का? पण वाटतं.

दुपार कलल्यावर रिक्षा आली. उतरली ती रोहिणी, एकटी, छोटी बॅग घेऊन. घामानं कपाळावर केस चिकटलेले. म्हणाली, “किती ऊन गं हे! पाणी दे आधी.” मी माठातलं तांब्याभर दिलं. घसा वर करून प्याली, लहानपणी प्यायची तशी, गळ्यावर ओघळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी तिच्या बापाच्या नावानं घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं. आमरस-पुरणपोळी झाली. पुरुषमाणसं पत्ते घेऊन पारावर गेली. ऊन उतरल्यावर पोरी झोक्यापाशी जमल्या, गाणी सुरू झाली, आणि रोहिणी झोक्यावर बसली. मी ओट्यावर, इंदूअक्का ओट्यावर, गल्लीतल्या झाडून बठ्ठ्या बायका ओट्यावर. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग मी आपली बडबडत सुटले, कुणाला मधे बोलायला फट मिळू नये म्हणून. ट्रॅम सांगितली, हातमोज्यांचा ड्रायव्हर सांगितला, मक्याचं गरम सूप सांगितलं. बायका हसत होत्या. त्या भरात बोलून गेले, “आणि माझी विहीण वांगं काय भाजते, अक्का! गार खाल्लं मी, तरी काय चव!”

इंदूअक्कांचा हात सुपातच थांबला. “तू तठे जेवनी?”

 प्रत्येकीला ठाऊक होतं, आई लेकीच्या घरी कधी जेवते ते. इंदूअक्कांनी मान वळवून झोक्याकडे, रोहिणीकडे, तिच्या पोटाकडे, आणि मग इकडेतिकडे पाहिलं, जणू कुठेतरी एखादं पोर लपलेलं असावं. त्यांचा चेहरा फुलला. “मंग आमले सांगं नही ते!”

“काय सांगानं?”

“अवं, तू जेवनी म्हंजे…”

“भूक लागेल व्हती,” मी म्हणाले.

 झोक्याचा दोर फांदीवर करकरायचा थांबला. रोहिणीनं पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला होता. मला वाटलं, आता उठेल आणि आत जाईल, आणि उद्याच बॅग भरेल. तिनं दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला, पायानं मागे रेटा दिला, आणि वर जाता जाता ओरडली, माझ्याच आवाजात:

“अन मायनी परत वांगं मांगी लिधं, अक्का!”